समुद्रातली गॅसवाहिनी किनाऱ्यावर आणताना: स्थापत्यकामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

समुद्रातल्या वाहिनीचं टेंडर उघडलं की सगळ्यांचं लक्ष लेबार्जच्या, म्हणजे पाइप जोडून समुद्रात टाकणाऱ्या बार्जच्या, रोजच्या भाड्याकडे जातं. किनाऱ्यावरचं काम ‘खोदाई, भराव व इतर’ अशा एका ओळीत उरकलेलं असतं. मग व्हायचं तेच होतं. बार्ज नांगर टाकून उभं राहतं, इकडे पाइप ओढणाऱ्या विंचच्या पायाचं काँक्रीट ओलं असतं, चर गाळाने अर्धा भरून आलेला असतो आणि उधाणाची तिथी निघून जाते.

हा लेख साइटवरच्या इंजिनिअरांसाठी आणि स्थानिक कंत्राटदारांसाठी आहे. डोळ्यांपुढे ठेवला आहे तो मुंबई हायच्या वाहिन्या जिथे वर येतात तो उरणचा परिसर आणि त्याच्या आसपासची कोकणपट्टी: वर चिखल, खाली काळा दगड, मोठी भरती-ओहोटी आणि चार महिने पाऊस. लेबार्जला जिथवर पाणी पुरतं तिथपासून जमिनीवरच्या पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचा टप्पा म्हणजे लँडफॉल, आणि इथे बोलायचं आहे ते एवढ्याच टप्प्याबद्दल. या टप्प्यात बार्जवर जोडलेला पाइप किनाऱ्यावरच्या विंचने वायररोप लावून चरातून ओढून घेतात. पुढे ‘ओढ’ म्हणजे हे काम आणि त्याला लागणारा जोर.

टप्पा १: आधी शून्य ठरवा

जमिनीचा सर्व्हेअर उंची मोजतो ती सरासरी समुद्रपातळीपासून. समुद्राचा सर्व्हेअर मोजतो ती नाविक नकाशाच्या पायापातळीपासून, म्हणजे चार्ट डेटमपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये २.५१ मीटरचा फरक आहे. जमिनीच्या ड्रॉइंगवर +१.०० असलेला बिंदू समुद्राच्या ड्रॉइंगवर +३.५१ असतो. दोन कंपन्यांची ड्रॉइंग आणून टेबलावर जोडली, दोन्हींवर नुसतं ‘लेव्हल मीटरमध्ये’ लिहिलेलं असलं, की चराच्या तळाला मधेच अडीच मीटरची पायरी पडते. कागदावर ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून संपूर्ण लँडफॉलसाठी एकच डेटम घ्या आणि तो प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहा. किनाऱ्यावर पक्का बेंचमार्क बांधा. जवळच भरतीमापक बसवून निदान एक चांद्रमास नोंदी घ्या आणि त्या अपोलो बंदरच्या भरतीशी ताडून पाहा. खाडीच्या तोंडाशी वेळ आणि उंची दोन्ही थोडी बदलते.

मुंबई बंदरातल्या सरासरी पातळ्या (चार्ट डेटमवर) पाठ असलेल्या बऱ्या. उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती ३.३०, ओहोटी १.८६. म्हणजे उधाणाला पाणी साडेतीन मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर. किनाऱ्याचा उतार शंभराला एक असेल तर उधाणाच्या दिवशी पाण्याची कड सहा तासांत साडेतीनशे मीटरांहून जास्त सरकते. पोकलेन कुठे उभं करायचं, कधी काढायचं, माणसं कधी वर बोलवायची, सगळं या एका हिशेबावर चालतं.

तपासणी: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर एक खूण करा. जमिनीच्या आणि समुद्राच्या सर्व्हेअरला तिची पातळी वेगवेगळी मोजायला सांगा. एकाच डेटमवर आणल्यावर ५ सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला तर पुढचं काम थांबवा.

टप्पा २: मधल्या पट्ट्याचा सर्व्हे

जिथे बोट टेकते आणि माणूस चालू शकत नाही, असा एक पट्टा प्रत्येक किनाऱ्यावर असतो. समुद्राचा सर्व्हे त्याच्या अलीकडे थांबतो, जमिनीचा त्याच्या पलीकडे. मधे ड्रॉइंगवाला सरळ रेघ ओढतो. लँडफॉलचं बहुतेक काम नेमकं याच पट्ट्यात असतं.

हा पट्टा दोन्ही बाजूंनी मोजा: भरतीला उथळ तळाच्या होडीतून, ओहोटीला पायी किंवा फळ्या टाकून. दोन्ही मोजण्या एकमेकींवर चढल्या पाहिजेत. मातीसाठी नुसत्या ध्वनिलहरींच्या नोंदींवर विसंबू नका. उथळ पाण्यात त्या धूसर येतात, आणि चिखलात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा वायू अडकलेला असेल तर खालचं काहीच दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर चिखलाखालचा बेसॉल्ट खालीवर होत जातो. एका जागी दोन मीटरवर दगड लागतो, थोडं पुढे गेलं की आठ मीटर नुसता गाळ. पाण्याच्या झोताने खुपसायची प्रोब स्वस्त पडते. ती मार्गरेषेवर जवळजवळ मारा आणि जिथे दगड वर आलेला दिसेल तिथे बोअर घ्या. दगडाची नुसती खोली कळून भागत नाही. तो फुटकळ, कुजलेला की अखंड, हेही हवं. पोकलेनच्या ब्रेकरने काम होईल की नाही ते त्यावर ठरतं.

एकच सर्व्हे पुरत नाही. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू समुद्रात ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती हळूहळू परत येते. मे महिन्यातला किनारा भरलेला असतो, सप्टेंबरअखेरचा झिजलेला. दोन्ही वेळा मोजा. वाहिनीवरचं आच्छादन नेहमी झिजलेल्या पातळीखाली धरायचं. पावसाळ्यात किनारा १.२ मीटर खाली जात असेल आणि डिझाइनला दीड मीटर आच्छादन हवं असेल, तर मे महिन्यात वाहिनीवर २.७ मीटर भराव दिसला पाहिजे. आजच्या तळापासून दीड मीटर मोजून खूश होणं ही या कामातली सगळ्यांत महाग चूक आहे, कारण ती उघडी पडते तेव्हा बार्ज केव्हाच निघून गेलेलं असतं.

कोळीवाड्यात जाऊन बसा. वाळू कुठून कुठे सरकते, खडप कुठवर जातं, जाळं कशाला अडकतं हे तिथे नेमकं सांगतात. डोलजाळ्यांचे खुंट कुठे आहेत ते याच वेळी नकाशावर घ्या. जुन्या वाहिन्या आणि केबल शोधायला मॅग्नेटोमीटर फिरवा. उरणच्या आसपास मार्ग मोकळा आहे असं गृहीत धरू नका.

टप्पा ३: पद्धत निवडा

तीन वाटा आहेत. उघडा चर आणि त्याला शीट पाइलचा कॉफरडॅम, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्यांच्या दोन भिंती. आडवं दिशादर्शित ड्रिलिंग, म्हणजे एचडीडी. किंवा मायक्रोटनेल, म्हणजे यंत्राने जमिनीखालून पोखरत नेलेला अरुंद बोगदा.

मऊ माती, रुंद पुळण, वर वस्ती नाही: उघडा चर. कांदळवन, बंधारा किंवा रस्ता ओलांडायचा आहे आणि खाली एकसंध थर आहे: एचडीडी. गाळ, गोटे आणि दगड मिसळलेले असतील तर एचडीडीचं भोक ढासळतं, तिथे तो मोह टाळा. मायक्रोटनेल महाग, पण पुळणीला हात लागत नाही. जर्मनीत लुबमिनला रशियाहून येणाऱ्या पहिल्या नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनीच्या वेळी कॉफरडॅम आणि उघडा चर केला होता. दुसऱ्या वेळी त्याच किनाऱ्याखालून सुमारे ७०० मीटरचे दोन मायक्रोटनेल नेले. किनारा तोच असला तरी पद्धत बदलू शकते, म्हणून शेजारच्या प्रकल्पाचं ड्रॉइंग उचलून आणू नका.

पुढचे टप्पे उघड्या चराचे आहेत. आपल्याकडे चुकतं तेही त्यातच जास्त.

टप्पा ४: परवानग्या आणि उलटं कॅलेंडर

३१ मेपासून मागे मोजत या. त्या दिवशी भराव पूर्ण, शीट पाइल बाहेर आणि पुळण पूर्ववत हवी. खरं तर १० मे धरा. तौक्ते वादळ २०२१ च्या १७ मेला मुंबईजवळून गेलं आणि त्यात पी-३०५ हे बार्ज माणसांसह बुडालं. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मे महिन्याचा उत्तरार्ध कामाच्या दिवसांत धरणं म्हणजे माणसांचा जीव पणाला लावणं.

जमिनीवर वापरहक्क घ्यायचा तो १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याखाली. अधिसूचनेनंतर हरकतींना २१ दिवस असतात. जमीन मालकाचीच राहते आणि शेती करता येते. पट्ट्यात घर, विहीर, तळं करता येत नाही, झाडं लावता येत नाहीत. हे गावात आधी नीट समजावून सांगा. ‘जमीन गेली’ अशी अफवा पसरली की मोजणीलाही कुणी उभं करत नाही. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, मंजुरी वेगळी. कांदळवन तोडावं लागणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. त्याला लागणारा वेळ कॅलेंडरमध्ये आधीच धरा, किंवा मार्ग पन्नास मीटरच्या बफरसकट बाहेरून न्या.

यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण तेव्हा आपलंही काम बंद असतं. म्हणजे आपला आणि मच्छीमारांचा हंगाम एकच. भरपाई आणि बोटींचा मार्ग काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा.

टप्पा ५: विंचचा पाया आणि डेडमॅन

ओढ किती लागेल याचा हिशेब स्वतः मांडून पाहा. २४ इंची पाइप, जाडी १९.१ मिलिमीटर, वर गंजरोधक थर आणि ६० मिलिमीटर जड काँक्रीट. हवेत वजन मीटरला सुमारे ६७१ किलो, पाण्यात सुमारे २३५ किलो. ८०० मीटर ओढायचा आणि घर्षणांक ०.७ धरला तर ओढ १३२ टनांच्या आसपास येते.

आता शेवटचे १५० मीटर ओहोटीमुळे कोरडे पडले असं धरा. तिथे पाइपाचं वजन जवळजवळ तिप्पट झालं. ओढ एकदम ४६ टनांनी वाढून १७८ टनांवर गेली. २०० टनांच्या विंचपाशी आता सवड उरली नाही, आणि वायररोपचं स्वतःचं घर्षण यात अजून धरलेलंही नाही.

चिखलात आणखी एक गोष्ट होते. पाइप थांबला की हळूहळू रुततो, आणि पुन्हा हलवताना लागणारी ओढ चालत्या ओढीपेक्षा बरीच जास्त असते. विंच निवडायचा तो थांबून पुन्हा सुरू करण्याच्या हिशेबाने.

ही सगळी ओढ शेवटी जमिनीलाच पेलायची असते. डेडमॅन, म्हणजे विंचला मागून धरून ठेवणारा जमिनीतला नांगर, शीट पाइलच्या भिंतीचा करा किंवा पाइल मारून वर काँक्रीटचा ठोकळा टाका. पुळणीच्या वाळूत नुसत्या वजनावर विसंबू नका. विंच मार्गरेषेच्या अगदी सरळ मागे हवा. जागेअभावी पुलीवरून वळवावा लागला तर त्या पुलीच्या नांगरालाही तितकाच पाया द्या. बहुतेक वेळा तोच विसरला जातो.

तपासणी: बार्ज येण्याच्या किमान आठवडाभर आधी, अपेक्षित कमाल ओढीच्या सव्वापट भार देऊन डेडमॅन ताणून पाहा आणि किती सरकला ते मोजा. काँक्रीटचे क्यूब टेस्टचे निकाल हातात नसतील तर ताणू नका.

टप्पा ६: कॉफरडॅम आणि चर

आधी बाजूने मुरूम-दगडाचा बांध टाकून क्रेनसाठी रस्ता करा, मग शीट पाइल ठोका. दगड वर असेल तिथे शीट पाइल टेकून थांबतो. तळाशी पकड नसलेला पाइल पहिल्याच उधाणाला आत झुकतो. अशा जागी दगडात आधी भोकं पाडून घ्या, किंवा तेवढ्या लांबीत शीट पाइलऐवजी दगडी बांध ठेवा.

दोन भिंतींमधले आडवे टेकू कोणत्या उंचीवर येतात ते पाइपाचा व्यास अधिक फ्लोट (पाइप हलका करायला बांधायचे तरंगते पिंप) अधिक पुलिंग हेड (पाइपाच्या टोकाला दोर अडकवायचा तुकडा) एवढी जागा धरून ठरवा. टेकू पाइपापुरतेच उंच लावले आणि फ्लोट बांधायचे ठरल्यावर ते आडवे आले, हा घोळ फार ठिकाणी होतो. मग भर ओढीत टेकू कापायची वेळ येते.

कॉफरडॅम कोरडा ठेवायचा नसतो. समुद्राकडचं तोंड उघडं ठेवा, पाणी आत खेळू द्या. पाइप पाण्यात असेल तर ओढ कमी लागते, आणि आतबाहेर पाण्याचा दाब सारखा राहिल्यामुळे भिंतींवर ताण कमी येतो.

चराचा तळ गुळगुळीत वक्रात हवा. दगडात खोदलेल्या चरात निदान १५ सेंटिमीटर वाळूची गादी द्या. टोकदार दगडावर पाइप टेकला तर काँक्रीट तडकतं, आणि दोन उंचवट्यांमध्ये लोंबकळला तर पुढे लाटांनी हलत राहतो. भरायला कामी येईल ती वाळू आणि निरुपयोगी चिखल वेगवेगळे साठवा. वरचा वाळूचा थर, त्याखालचा, त्याखालचा, असे ढीग पाट्या लावून ठेवा. ते भरतीरेषेच्या वर हवेत.

इशारा: चर रोज गाळाने भरतो, उधाणाच्या दिवसांत जास्त. लागतो त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त खोल खणून ठेवा आणि ओढीच्या आदल्या २४ तासांत संपूर्ण चर पुन्हा मोजा. मागच्या आठवड्याच्या सर्व्हेवर ओढ सुरू करू नका.

इशारा: कॉफरडॅम किनाऱ्यावरची वाळू अडवतो. एका बाजूला साठते, दुसऱ्या बाजूला पुळण खात जाते. दोन्ही बाजूंना खुंट्या रोवून दर आठवड्याला मोजा. पावसाळाभर तो उभा ठेवणं म्हणजे शेजारच्या घरांची पुळण घालवणं.

टप्पा ७: ओढ

भरती वाढत असताना सुरू करा आणि पुलिंग हेड पुळणीपाशी येताना पाणी भरपूर असेल असं वेळापत्रक बांधा. भांगाच्या दिवसांत प्रवाह कमी असतो, पाइप आडवा ढकलला जात नाही. उधाणाला आत जास्त पाणी मिळतं, पण प्रवाहही जोरात असतो. लांब आणि उघडा मार्ग असेल तर मी भांग निवडेन आणि तेवढा चर खोल करेन.

ओढ सुरू होण्याआधी हे सगळं हो असलं पाहिजे:

- चराचा ताजा सर्व्हे सही होऊन आला आहे.
- वायररोप चराच्या मध्यावर आहे, पीळ पडलेला नाही, पुलिंग हेडला स्विव्हल (दोराचा पीळ पाइपात जाऊ न देणारी फिरती कडी) आहे.
- विंचवरचा भारमापक कॅलिब्रेट केलेला आहे आणि बार्जवरही तोच आकडा दिसतो.
- थांबवण्याचा हुकूम कोण देणार ते एकच नाव ठरलं आहे.
- पुढच्या ४८ तासांचा हवामान अंदाज हातात आहे.
- दोराच्या दोन्ही बाजूंना माणसांना बंदी आहे, पुळणीवर पहारा आहे.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. शंभर टनांखाली ताणलेला दोर तुटला तर तो झटक्यात उलटून येतो आणि वाटेतल्या माणसाला वाचायला अवधी मिळत नाही. बघे येणारच. आदल्या दिवशी गावात सांगा आणि बघायला सुरक्षित जागा आखून द्या.

ओढ चालू असताना दर दहा मीटरला भार लिहीत जा आणि हिशेबाच्या रेषेशी ताडा. आकडा हळूहळू वाढत गेला तर ते अपेक्षित आहे. एकदम उडी मारली तर हेड कशात तरी अडकलंय. जोर लावून पाहू नका, पाणबुड्याला पाठवा. पण विनाकारण थांबूही नका. जेवणाची सुट्टी, पाळी बदलणं हे सगळं चालत्या ओढीत झालं पाहिजे.

टप्पा ८: भराव

पाइप आला, फोटो निघाले, की निम्मी माणसं घरी जातात. वाहिनी सगळ्यांत जास्त धोक्यात असते ती याच वेळी.

वरच्याच उदाहरणातला पाइप घ्या. त्याची एकूण घनता घनमीटरला सुमारे १५८० किलो आहे. समुद्राच्या पाण्याची १०२५, म्हणून तो बुडतो. पण लाटांनी किंवा कंपनांनी हलून पातळ झालेल्या बारीक वाळूची घनता १८०० च्या पुढे जाते. त्यात हा पाइप तरंगतो. आत गॅस भरल्याने वजनात नाममात्र फरक पडतो. म्हणजे बारीक वाळू घाईने ओतून वर व्हायब्रो हॅमरने, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्राने, शीट पाइल उपसले, तर आपणच खालची वाळू पातळ करून वाहिनी वर आणतो.

म्हणून क्रम असा. आधी पाइपाच्या दोन्ही बाजूंना सारखी, जाड वाळू किंवा बारीक खडी, पाइपाच्या माथ्याच्या वर अर्ध्या मीटरपर्यंत. मग पाइपाची पातळी मोजा. मग उरलेला भराव. मग शीट पाइल, समुद्राकडून किनाऱ्याकडे मागे येत, क्रेनचा बांधही सोबत उचलत. प्रत्येक २० मीटरनंतर पाइपाची पातळी पुन्हा मोजा. लाटा फुटतात त्या पट्ट्यात वरून दगडाचा थर लागतो. त्याच्याखाली बारीक खडीचा गाळणी थर द्या, नाहीतर वाळू दगडांच्या फटींतून निघून जाते आणि दगड खाली बसतात.

भरतीरेषेच्या वर आणखी एक काम राहतं. भरलेला चर आजूबाजूच्या मातीपेक्षा सैल असतो, त्यातून खारं पाणी आत झिरपतं आणि मागच्या विहिरी व भातखाचरं खारवतात. पुळणीच्या मागे आणि प्रत्येक बांधापाशी चरात चिकणमातीचे आडवे अडसर भरा. जवळच्या विहिरींचा खारेपणा कामाआधी आणि पुढच्या वर्षी मोजून ठेवा. गावकऱ्याने तक्रार केली तर त्याला द्यायला हातात आकडे असले पाहिजेत.

टप्पा ९: जोडणी आणि चाचणी

समुद्राकडची आणि जमिनीकडची गंजरोधक यंत्रणा वेगळी ठेवणारा आयसोलेटिंग जॉइंट पाण्याच्या आणि पुराच्या रेषेच्या वरच्या बाजूला बसवा. गरम-थंड होऊन वाहिनी लांबीत सरकते, म्हणून व्हॉल्व्हच्या आधी अँकर ब्लॉक किंवा वाकण्याला जागा हवी. चाचणीचा दाब किमान २४ तास धरा. चाचणीच्या पाण्यात जंतुनाशक आणि गंजरोधक द्रव्य असतं. ते कुठे जाणार हे पाणी भरायच्या आधी ठरवा. खाडीत सोडणं हा पर्याय नाही.

टप्पा १०: पहिला पावसाळा

भराव संपल्यावर एक सर्व्हे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शांत दिवसांत त्याच रेषांवर दुसरा. दोन्ही एकाच डेटमवर. आच्छादन डिझाइनपेक्षा कमी झालेलं दिसलं तर नुसती वाळू परत टाकून उपयोग नाही, पुढच्या जुलैत ती पुन्हा जाईल. तिथे दगडी थर वाढवा किंवा काँक्रीटच्या चटया अंथरा. वाहिनी कुठे उघडी पडली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तिथे बोया लावा आणि कोळीवाड्याला त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्यावर नांगर पडणार नाही.